लाल गाडीकडे बघायचं नाही

आमच्या घरात आवडलेल्या वस्तूकडे बघायची पद्धत नाही. बघितलं की भाव वाढतो, असं माझ्या सासऱ्यांचं म्हणणं. सासरे म्हणजे कानिफनाथ तात्या, घोडेगावच्या बैलबाजारात ज्यांच्या शब्दाला अजून मान आहे ते. मी त्यांना मामा म्हणते. मनातल्या मनात आणखीही काही म्हणते, पण ते इथे नको.

मामांची रीत अशी. बाजारात एखादा बैल मनात भरला की त्याच्याकडे पाठ करून उभं राहायचं. शेजारचा, जो घ्यायचाच नाही, त्याचे दात बघायचे, शेपूट उचलायची, मालकाला किंमत विचारायची आणि ऐकून हसायचं. मग मालकाला लाज वाटेल इतका कमी भाव सांगायचा. मालक चिडतो, नको म्हणतो, चार वाईट शब्द बोलतो. तो पुरता वैतागला, की निघता निघता, जणू आत्ताच नजर गेली असं दाखवून, "अन् ह्यो केवड्याला?" असं विचारायचं. तोवर मालकाला हे गिऱ्हाईक हातचं जाऊ नये एवढंच वाटत असतं. पुष्कळ बैल मामांनी असे आणले आणि त्यातल्या एकालाही कधी कळलं नाही की आपण कोणाला आवडलो होतो.

बैलांपुरतं असतं तर मी तक्रार केली नसती. पण ही रीत घरभर पसरली. निळी साडी हवी असेल तर सासूबाई दुकानदाराला हिरवीची घडी मोडायला लावतात. घराला पिस्ता रंग द्यायचा होता तेव्हा मामांनी रंगाऱ्याला आठवडाभर गुलाबीचा भाव विचारला. जेवताना मटणाची आणखी एक फोड हवी असेल तर आमचे हे, म्हणजे वाल्मिक, भाकरीची तारीफ करतात, आणि आपण समजून घ्यायचं असतं. नवीन लग्न झालं तेव्हा मला हे समजायचं नाही. मी आणखी एक भाकरी वाढायची आणि बिचारे मुकाट्यानं खायचे.

तर अशा माणसाला स्पोर्ट्स कार आवडली.

आमचं राहुरीजवळ रान आहे. ऊस, थोडा कांदा आणि गाईंचा गोठा. धारा काढायचं मशीन चालू असलं की त्या आवाजात वाल्मिक मोबाईलवर गाड्यांचे व्हिडिओ बघत उभे राहायचे. मला वाटायचं, बघेनात का, कोणी क्रिकेट बघतं, कोणी गाड्या. पण चाळिशी ओलांडली आणि त्यांना एकाएकी इंजिनांचे आवाज ओळखता यायला लागले. रस्त्यावरून काही गेलं की न बघता सांगायचे, "सहा सिलेंडर." गाई रवंथ करत ऐकून घ्यायच्या. मीही तेच करायची.

एका संध्याकाळी ते गोठ्यातून तसेच आत आले. हातही धुतले नव्हते. "राजेश्वरी," ते म्हणाले, "नगरला एक गाडी इकायला आलीय. जुनी हाय, पर जपलेली. लाल. दोनच शिटा. टप उघडतं. मला ती पायजे."

मी हातातलं पातेलं खाली ठेवलं. इतक्या वर्षांच्या संसारात "मला पायजे" हे शब्द मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकत होते. ट्रॅक्टर मामांनी ठरवला, गाई मामांनी निवडल्या, बोअर कुठं घ्यायची तेही मामांनी सांगितलं. वाल्मिकनी प्रत्येक वेळी मान हलवली.

"जल्मात एक वस्तू तरी मी माजी निवडावी का न्हाई?" ते म्हणाले. "तात्यांनी न्हाई. मी."

"घ्या की मग. कोणी धरलंय तुम्हाला?"

धरलं कोणीच नव्हतं. घरात चारचाकी घ्यायची हे मामांनीच ठरवलं होतं आणि पैशांची सोयही करून ठेवली होती. अडचण एवढीच की मामांना न विचारता आमच्या घरात मांजरसुद्धा राहत नाही. वाल्मिकनी विचारलं, पण कसं? "तात्या, नगरला जुन्या गाड्या आल्यात म्हनं. चक्कर मारून यायची का, सहज?" मामांनी लगेच टोपी चढवली. मीही चप्पल घातली. पाहिजे ते मिळाल्यावर या माणसाचा चेहरा कसा दिसतो, ते मला एकदा बघायचं होतं.

एसटीत वाल्मिक खिडकीशी बसून पुटपुटत होते. काय विचारायचं ते त्यांनी पाठ केलं होतं: सर्व्हिसिंग कुठं झालं, टायर कधी बदलले, टपाच्या कापडातून पाणी गळतं का. परीक्षेला निघालेल्या पोरासारखा घाम फुटला होता त्यांना. मला त्यांची दया आली आणि मायाही आली, पण एसटीत ती दाखवायची कशी.

नगरच्या अलीकडे, मोठ्या रस्त्याला लागूनच, जुन्या गाड्यांचं ते आवार होतं. मालक समर्थ नावाचा एक तरतरीत मुलगा. आत शिरलो आणि समोरच पत्र्याखाली ती उभी. मला गाड्यांतलं काही कळत नाही, पण मीसुद्धा थबकले. लाल म्हणजे काय लाल! बुटकी, रुंद, आणि अंगावर एक ओरखडा नाही.

मामांनी एक नजर टाकली आणि तिच्याकडे पाठ केली. बापाचं बघून मुलानंही पाठ केली.

आता दोघांच्या समोर काय होतं, तर एका बँडवाल्यांची जुनी व्हॅन. अंगावर पिवळा रंग, एका बाजूला मोर, दुसऱ्या बाजूला ट्रम्पेट, आणि मागे मोठ्या अक्षरांत "शुभकार्यासाठी अवश्य भेटा". टपावर कर्ण्यासाठी लोखंडी चौकट. चाकांच्या भोवती गवत उगवलं होतं.

"काका, ही लाल बघा ना," समर्थ म्हणाला. "अशी गाडी जिल्ह्यात शोधून सापडायची नाही."

"ऱ्हाऊ दे ती. पोरांचं खेळनं हाय," मामा म्हणाले. "ही बोल."

समर्थला आधी कळलंच नाही ही म्हणजे कोणती. मग त्यानं घाईघाईनं व्हॅनचं दार उघडलं. ते अर्धं हातात आलं. मामांनी टायरला लाथ मारली, बॉनेट उघडून दात बघावेत तसं आत वाकून बघितलं आणि दर वेळी "च्च" केलं. वाल्मिक तर व्हॅनच्या खालीच घुसले. पाठ केलेले सगळे प्रश्न त्यांनी तिथून, आडवे पडून, त्या व्हॅनबद्दल विचारले. लाल गाडीकडे त्यांनी चुकूनही मान वळवली नाही. मी एकटी तिच्याकडे बघत होते. मामांनी मला डोळे मोठे करून दाखवले, म्हणून मी मोराकडे बघायला लागले.

मग मामांनी खांद्यावरचा टॉवेल काढला, समर्थच्या हातावर टाकला आणि टॉवेलाखाली त्याची बोटं दाबली. बाजारात भाव असाच सांगतात, बोटांनी, म्हणजे शेजारच्याला कळत नाही. समर्थ भांबावून माझ्याकडे बघायला लागला. म्हाताऱ्याला चक्कर आली की काय असं वाटलं असावं त्याला. शेवटी मामांनी आकडा तोंडानं सांगितला. तो मी इथे लिहीत नाही. एवढंच सांगते, की तेवढ्यात आमच्याकडे बरी शेळी येत नाही.

आता समर्थनं चिडायचं होतं. नको म्हणायचं होतं. मामा त्यासाठी तयारच होते, त्यांनी एक पाय निघाल्यासारखा पुढे टाकलासुद्धा होता.

समर्थनं व्हॅनकडे बघितलं. तिच्याखालच्या गवताकडे बघितलं. आणि म्हणाला, "दिली, काका."

मामांचा पाय तसाच राहिला. पहिल्याच भावाला हो म्हणणारा माणूस त्यांनी उभ्या आयुष्यात बघितला नव्हता. बाजारात असा माणूस नसतोच, असू शकत नाही, नाहीतर बाजार चालणार कसा? पण भाव आपण सांगितला, समोरच्यानं हो म्हटलं, म्हणजे व्यवहार झाला. त्यानंतर मागे फिरणाऱ्याला घोडेगावात कोणी चहा विचारत नाही. "मी आपलं असंच म्हणालो" हे वाक्य कानिफनाथ तात्यांच्या तोंडात बसत नाही. समर्थनं आनंदानं त्यांचा हात हातात घेतला आणि गदागदा हलवला. वाल्मिक व्हॅनखालून बाहेर यायचं नाव घेईनात.

मामांनी टोपी काढली, पुसली, पुन्हा घातली. मग अगदी रीतीप्रमाणे, पण आवाजात जीव नसताना, त्यांनी विचारलं, "अन् ती लाल केवड्याला?"

"ती होय? श्रीरामपूरचे एक डॉक्टर न्यायला यायचेत दुपारी. पण अजून पक्कं नाही काही. तुम्हाला पाहिजे असेल तर आत्ता बोला, मी त्यांना नाही म्हणून कळवतो. मला वाटलं तुम्हाला ती आवडलीच नाही. कोणी बघेचना तिच्याकडे."

मामा खाली वाकले. व्हॅनखालून वाल्मिकचे पाय तेवढे दिसत होते. "वाल्मिक," ते त्या पायांना म्हणाले, "ती लाल तुला पायजे का? पायजे आसंल तर सांग. दोनी घिऊ."

वाल्मिक बाहेर आले. शर्टाला ग्रीस, केसांत गवत. मी त्यांच्याकडे इतकी जीव तोडून बघत होते, की डोळ्यांत पाणी आलं. म्हणा. एकच शब्द तर आहे. माझ्यापाशी म्हणाला होतात, इथेही म्हणा. मी कोपरानं ढोसलंसुद्धा.

त्यांनी बापाकडे बघितलं. हो म्हटलं असतं तर मामा चुकले, मामांची रीत चुकली, असं त्या पोरासमोर झालं असतं. हे माझ्या नवऱ्याच्या मनात आलं ते मला स्पष्ट दिसलं, आणि त्याच क्षणी मला त्यांचा असा राग आला की काय सांगू.

"न्हाई," ते म्हणाले. आणि व्हॅनवर हात ठेवून, "हितं जागा लई हाय."

कागदपत्रं झाली. व्हॅन चालू व्हायला दुपार उलटून गेली. दुसऱ्या गाडीची बॅटरी जोडावी लागली, मग धक्का मारावा लागला. तेवढ्यात ते डॉक्टर आले, लाल गाडीकडे बघून लहान मुलासारखे हसले, समर्थ सांगेल तो भाव मान्य केला आणि बायकोला शेजारी बसवून फेऱ्या मारायला लागले. मामा त्यांच्याकडे अत्यंत कीव येऊन बघत होते. "बगितलं? आधी हासला. लुटला त्याला," ते मला म्हणाले.

आम्ही निघालो. मामा पुढे, वाल्मिकच्या शेजारी. मी मागे, जिथे पूर्वी ढोल ठेवत असतील तिथे, एका उलट्या क्रेटवर. दुतर्फा ऊस लागला. गावातून जाताना लोक हात करत होते, कोणाचं लग्न म्हणून विचारत होते. मामांना हळूहळू आपण केवढ्याला आणली हे आठवायला लागलं आणि त्यांचा चेहरा खुलला. गडी माणसं न्यायला बरी, पेंड आणायला बरी, असं त्यांचं सुरू झालं.

तेवढ्यात मागून तो आवाज आला. सहा सिलेंडर की काय ते, मलाही कळलं. लाल गाडी शेजारी आली. टप उघडलेलं, डॉक्टरीणबाईंची ओढणी उडतेय. क्षणभर दोन्ही गाड्या बरोबरीनं चालल्या. वाल्मिकनी तिच्याकडे बघितलं नाही. मान ताठ ठेवून दुसऱ्या बाजूच्या उसाकडे बघत राहिले. गाडी पुढे निघून गेली, आवाज संपला, तरी उसाकडेच.

माझ्यानं राहवेना. "मामा," मी मागून ओरडले, "यांना ती लाल गाडी पाहिजे होती!"

"तू गप ऱ्हा," वाल्मिक म्हणाले.

"ठावं हाय मला," मामा म्हणाले.

"ठाऊक आहे?"

"मंग? एकदाबी बघितलं न्हाई त्यानं तिच्याकडं. माजंच पोरगं हाय, मला कळत न्हाई व्हय? तुला बघायला आल्तो तवा बी ह्येच. पव्हं संपस्तवर तुमच्या भितीवरच्या घड्याळाकडं बघत बसला. तुज्याकडं म्हनून मान वर केली न्हाई. मी तवाच वळखलं, पोरगी मनात भरली."

ते घड्याळ मला चांगलं आठवत होतं. इतकी वर्षं मी त्या घड्याळावरून मनात कुढत आले होते, की या माणसाला निघायची घाई होती, बापानं ठरवली म्हणून केली मला. समोरच्या आरशात वाल्मिकचे कान दिसत होते. लालभडक झाले होते. मला हसू आलं आणि त्याच्याबरोबर रडूही. पण राग काही गेला नव्हता.

"मग ओळखलं होतं तर आज का नाही घेतलीत?"

"इचारलं की सरळ. तुज्यासमूर इचारलं. न्हाई म्हनला त्यो. आता न्हाई म्हनल्यावर मी काय करनार?"

"आणि माझ्या वेळी?"

मामा सीटवरून सावकाश मागे वळले. या सुनेला एवढंही कळू नये, अशा नजरेनं त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"तुज्या येळंला मी कुठं इचारलं हुतं?"