भिंग पुस्तकासोबत मोफत

मार्तंडभाऊंचा हिशेब कागदापासून सुरू व्हायचा आणि कागदावरच संपायचा. मुलं, मास्तर, विज्ञान हे सगळं मधे कुठेतरी. गांधीबागेतल्या त्यांच्या छापखान्यात पुस्तक सोळा-सोळा पानांच्या फर्म्यात छापलं जाई. मजकूर दोन ओळींनी जरी फर्म्याबाहेर सांडला तरी भाऊंना घास गोड लागत नसे. सहावीच्या विज्ञान वाचनाचं पुस्तक असंच सांडलं. भाऊंनी त्यातल्या काळ्या चौकटी काढून टाकल्या. पुस्तक फर्म्यात बसलं आणि भाऊ निवांत खुर्चीत बसले.

पुस्तकाची लेखिका सरिता मेश्राम. शाळांना गठ्ठे गेल्यावर ती आपली प्रत न्यायला आली. नव्या पुस्तकाचा वास घ्यायची तिला सवय, आणि वास घेता घेता आपलं नाव नीट छापलंय ना हेही बघून घ्यायची. नाव ठीक होतं. मग तिनं प्रकाशाचा धडा उघडला.

पानाला पाकीट चिकटवलेलं, त्यात मोफत भिंग. खाली तिचाच उपक्रम. भिंगातून जवळची वस्तू पाहा, मग दूरची पाहा. तुम्ही पाहिलेली सर्वांत दूरची वस्तू कोणती? त्याखाली तिनं चौकट दिली होती : भिंगातून सूर्याकडे कधीही पाहू नका, दृष्टी जाईल. चौकटीच्या जागी आता पुढचा धडा सुरू झाला होता.

भाऊंनी काही लपवलं नाही. उलट जागा कशी वाचवली ते कौतुकानं समजावून सांगितलं.

"चौकट कोन वाचते, मॅडम? पोट्टे चित्रं पाहतेत."

"माझी पोरगी वाचते," सरिता म्हणाली, आणि बोलता बोलताच तिनं घड्याळाकडे पाहिलं.

श्वेता सहावीतच होती. तिच्या शाळेत पुस्तकं आजच वाटली होती. आणि पुस्तकात असेल तेच करायचं, आपलं डोकं चालवायचं नाही, ही शिस्त सरितानंच तिला लावलेली. शेजारपाजारी ती हे मिरवायचीसुद्धा.

तिनं शाळेत फोन लावला. शिपायानं उचलला. प्रीती मॅडमनं सहावीले गच्चीवर नेलं, म्हणाला, प्रयोग चालू हाय. वर जाऊन थांबवा, असं तिनं विनवलं. तो हो म्हणाला. पण तसल्या 'हो'वर माणूस खुर्चीतून उठत नाही, हे तिला ठाऊक होतं.

शाळेच्या वाटेवर इतवारी बाजारात हातगाड्या आडव्या. एक टेम्पो स्टीलचे डबे उतरवत मधेच उभा. स्कूटरवर अडकलेल्या सरितानं हॉर्न दाबून धरला. डबेवाल्यानं तिला बाई जरा दमानं म्हणून सुनावलं. पाऊस अजून लांबलेला, आभाळ पांढरंफेक. तिनं सहज वर बघितलं आणि डोळे आपोआप मिटले. भिंग नसताना.

गच्चीवर पोचली तेव्हा पोरं उकिडवी बसून भिंगानं कागद जाळत होती. धूर निघाला की हसत होती. प्रीती मॅडम टाकीच्या सावलीत पदरानं वारा घेत उभ्या. वर कुणीच बघत नव्हतं. सरितानं कठडा धरला, जीव भांड्यात पडला तिचा.

मग तिला श्वेता दिसली. कोपऱ्यात एकटीच, मांडीवर पुस्तक उघडं, उजव्या डोळ्यावर हात.

"डोळ्याले काय झालं वं?"

"काही नाही. पाणी येऊन राहिलं." श्वेतानं हात काढला आणि आईकडे बघून हसली. "आई, तुया तोंडावर ठिपका आहे. हिरवा."

सरितानं आपला गाल पुसला. पुसून झाल्यावर तिला कळलं की आपण काय पुसलं.

"तू सूर्याकडे पाहिलं? भिंगातून?"

"पाहिलं ना. सगळ्यात दूरचं काय तं तूच विचारलं." पोरीच्या स्वरात बरोबर उत्तराची ऐट होती. "बाकीचे विजेचा खंबा म्हणत होते."

सरितानं तिचा डावा डोळा तळव्यानं झाकला आणि मांडीवरचं पुस्तक मिटून मुखपृष्ठ समोर धरलं. हात थरथरत होता म्हणून पुस्तकही थरथरलं.

"वाच."

"कोणतं?"

"माझं नाव."

श्वेतानं मान डावीकडे केली, मग उजवीकडे. ठिपक्याच्या बाजूनं डोकवावं तशी.

"हलवू नको ना, आई," ती म्हणाली. "जिकडे पाहतो तिकडे तोच येते."

आता ती हसत नव्हती.