मधलं माणूस

'पा-खूत' म्हणजे बाबा आणि त्यांच्यासोबतची मंडळी. दक्षिण आफ्रिकेतल्या आफ्रिकान्स भाषेतलं हे शेवटचं 'खूत' गोऱ्यांच्या डच भाषेतल्या 'माल' अशा अर्थाच्या शब्दावरून आलं, असं डोरिताच्या विद्यापीठात सगळे छातीठोकपणे सांगत. म्हणजे आपला बाप आणि त्याचा माल! डोरिताचं डोकंच फिरायचं. हा प्रत्यय आपल्या नामा लोकांच्या भाषेतून तिकडे गेला, हे तिला सिद्ध करायचं होतं.

पण गरीप नदीकाठच्या तिच्या गावात जुनी नामा बोलणारे दोघंच उरले होते. एक अंथरुणाला खिळलेली ग्रीता आजी, दुसरा तिचा धाकटा भाऊ पेत्रूस. आणि वयात आलेल्या भावाबहिणींनी एकमेकांशी थेट बोलायचं नाही, ही तर नामांची रीत. पेत्रूसची बायको दोघांमध्ये निरोप पोचवायची. गेल्या हिवाळ्यात ती वारली आणि यांचं बोलणंच खुंटलं.

"आजोबा, तिची घटका भरत आलीय. आता कसली रीत धरून बसलात?" डोरिता रडकुंडीला आली होती.

दाराबाहेर बाकावर बसलेला पेत्रूस हलला नाही. "मरताना बहिणीची अब्रू घालवू? तू हो मधलं माणूस. विचार तिला, काय दिसतंय."

त्यानं ते नामात सांगितलं. डोरितानं आत जाऊन कसंबसं म्हटलं. टाळूवर जीभ आपटायचे आवाज तिला जमेनात.

"एवढी शिकलीस ना गं? आमची शेळीसुद्धा बरं बोलते," आजी खोकत हसली. मग तिनं हळूच नामात उत्तर दिलं.

रेकॉर्डर चालूच होता. तो बाहेर आणून डोरितानं बटण दाबायला बोट नेलं, तसे म्हाताऱ्यानं कानांवर हात ठेवले. "तिचा आवाज नको! तुझ्या तोंडून सांग."

कितीतरी वेळ ती आजीचं वाक्य म्हणत राहिली, तो नाही म्हणून मान हलवत राहिला. जीभ दुखायला लागली. शेवटी वाक्य एकदाचं जिभेवर बसलं. पेत्रूसचे डोळे भरले.

"पा-खूत न्यायला आलेत म्हणते," तो आफ्रिकान्समध्ये म्हणाला.

आजीच्या वाक्यात बापाच्या शब्दाला जोडलेल्या नामा प्रत्ययाचंच म्हाताऱ्यानं सहज 'खूत' केलं होतं. हवा होता तो पुरावा न मागता हातात पडला होता.

"सांग तिला, मीही येतोच मागोमाग." त्यानं तेही नामात शिकवलं.

ती आत धावली. आजीचे डोळे उघडे होते, छाती हलत नव्हती. डोरिता खाली बसली, आजीच्या कानाशी वाकली आणि ते वाक्य एकही आवाज न चुकवता म्हणाली.

बाहेरून पेत्रूसनं विचारलं, "काय म्हणाली गं?"