समुद्र कुठे होता

मधुसूदनरावांनी रिमोट रोखला आणि टीव्हीभर एक कलिंगड पसरलं. त्या कलिंगडाचा मोर केलेला होता; डोळ्याच्या जागी लवंग, पिसाऱ्याला काकडीचे काप.

"हा नुसता शोभेचा," ते म्हणाले. "खायचं कलिंगड वेगळं. ते पलीकडच्या काउंटरवर."

"अच्छा," राजेश म्हणाला.

अरुणाने सूपचा वाडगा टीपॉयवर ठेवला आणि हातांची घडी घातली. येऊन बराच वेळ झाला होता, पण फोटोंमधल्या खरवंडीकरांच्या जहाजाने अजून सिंगापूरचा धक्का सोडला नव्हता. स्वागताचं सरबत झालं, गळ्यात अडकवलेलं कार्ड झालं, खोलीतल्या पलंगावर ठेवलेला टॉवेलचा हत्ती समोरून आणि बाजूने पाहून झाला, आणि आता वरच्या डेकवरचा बुफे सुरू झाला होता. बुफे लवकर संपेल अशी चिन्हं दिसत नव्हती.

लखनौत कायमची राहून गेलेली चार मराठी घरं महिन्यातल्या एका रविवारी कुणाकडे तरी जेवायला जमत. या खेपेला गोमती नगरात, खरवंडीकरांकडे. चौथ्या घराने आयत्या वेळी येत नसल्याचं कळवलं होतं, आणि त्या घराचा अरुणाला मनापासून हेवा वाटत होता. मधुसूदन खरवंडीकर चिनहटच्या एका कारखान्यात खरेदी विभाग सांभाळून निवृत्त झाले होते. माणूस चांगला होता, हे ती नाकारत नसे. पण चांगल्या माणसांचा तिला फार लवकर कंटाळा येई. त्यांच्या बायकोबद्दल, मालिनीबाईंबद्दल, तिचं मत असं होतं की त्यांना मतच नाही. नवरा बोलायला लागला की त्या आधीच हसायला सुरुवात करत, म्हणजे उशीर व्हायला नको.

"भाताचेच चार प्रकार," मधुसूदनराव सांगत होते. "जपानी, चिनी, आपला जिरा राइस, आणि एक पांढरा, मऊ. हिने भरपूर घेतला आणि त्यावर आमटी ओतली. तोंडात घालते तर गोड! दुधातली खीर ती, आणि ही त्यावर आमटी ओतून मोकळी!"

मालिनीबाई तोंडाला पदर लावून हसल्या. राजेश आणि त्याची बायको सानिका हसली. ही दोघं तिशीतली, एकाच खासगी बँकेत नोकरीला. ती कशालाही हसत. अरुणाच्या शेजारी बसलेला इंद्रजितही हसला. अरुणाने त्याच्याकडे एक नजर टाकली. नवऱ्याचं हे हसू तिच्या ओळखीचं होतं. हवाई दलात आयुष्य काढलेला माणूस. मेसमध्ये कुणाचाही कसलाही किस्सा चेहरा न पाडता ऐकायची त्याला सवय होती. बक्षी का तालाबला शेवटचं पोस्टिंग झालं आणि दोघं इथेच राहिली, त्यालाही आता बरीच वर्षं झाली होती.

"आणि टेबल? रोज तेच मिळायचं का?" इंद्रजितने विचारलं.

"रात्रीच्या जेवणाला तेच. खालच्या मोठ्या हॉलमध्ये. जेवणाच्या दोन वेळा असतात, लवकरची आणि उशिराची. आम्ही लवकरची घेतली. वाढणाराही रोज तोच. दुसऱ्या दिवशी नावाने हाक मारली त्याने. मिस्टर मधू!"

मिस्टर मधू, अरुणाने मनात घोळवून पाहिलं. घरी जाताना गाडीत उपयोगी पडणार होतं ते.

कारण खरी मेजवानी तिथे असे. सोसायटीचं फाटक ओलांडलं की ती सुरू करी. यजमान, यजमानीण, भाजीतलं तेल, भिंतीवरची चित्रं, कुणाची मुलगी कॅनडात काय करते ते. बँकेच्या हजरतगंजमधल्या विभागीय कार्यालयात ती अधिकारी होती तेव्हा तिची वाक्यं मजल्यामजल्यांवरून फिरत. आता ती वाक्यं ऐकायला एकटा इंद्रजित उरला होता. तो "हं" म्हणे, मधूनच हसे, गाडी चालवत राही. एवढ्या वर्षांच्या संसारात आपण दोघं नेहमी एका बाजूला आणि बाकीचं जग दुसऱ्या बाजूला, असं तिला त्या प्रवासात वाटे.

पडद्यावर पाव आले. लांब, गोल, वेणी घातलेले, तिळाचे, जैतुनाचे. मग केक. मग मालिनीबाई आणि केक. मग "फॉर्मल नाइट", म्हणजे सुटाबुटात जेवायला जायची संध्याकाळ.

"मुलीच्या लग्नात शिवलेला सूट नेला होता. बटण लागेना, पण जाऊ दे," मधुसूदनराव पुढे सरकून बसले. त्यांचा हा आवडता किस्सा असावा. "खुर्चीत बसलो. तेवढ्यात तो वाढणारा मागून आला, नॅपकिन झटकला आणि माझ्या मांडीवर पसरला. मला वाटलं, काही सांडलं! ताडकन उठून उभा! आणि सॉरी सॉरी म्हणत पँट पुसतोय! पलीकडे एक म्हातारी गोरी बाई, ती पण उठली, तिला वाटलं राष्ट्रगीत लागलं!"

सगळे पोट धरून हसले. राजेश म्हणाला, "काका, ये तो व्हिडिओ होना चाहिए था." इंद्रजितने चष्मा काढून डोळे पुसले. अरुणा तेवढी हसली नाही. माणसाने स्वतःची फजिती इतक्या आनंदाने सांगावी, याची तिला मनस्वी चीड आली. तिने हसणं ओसरू दिलं. कधी बोलायचं हे तिला नेमकं कळत असे.

"मधुसूदनराव, एक विचारू?" ती गोड आवाजात म्हणाली. "एवढं सगळं पाहिलं आम्ही. पण या सगळ्यात समुद्र कुठे होता?"

मग सानिका फिस्सकन हसली, तिच्यामागून राजेश.

"आहे ना, समुद्र आहे!" मधुसूदनरावही हसले. "थांबा, दाखवतो." त्यांनी रिमोट दाबला. केक. दाबला. पाव. पुन्हा दाबला. नूडल्सचा ढीग, टॉवेलचं माकड, मालिनीबाई आणि आइस्क्रीमचं मशीन, हातभर कोळंबी. प्रत्येक फोटोगणिक राजेश आणि सानिकाचं हसू वाढत गेलं. "असेल, पुढे असेल," म्हणत मधुसूदनराव बटण दाबत होते. कपाळावर घाम आला होता. हसू मात्र चेहऱ्यावर तसंच होतं, कुणी काढायला विसरल्यासारखं.

मालिनीबाई उठून स्वयंपाकघरात गेल्या.

"सकाळचा नाश्ता कुठे करायचात?" इंद्रजितने विचारलं. त्याचा आवाज नेहमीपेक्षा जरा मोठा होता.

मधुसूदनरावांचा अंगठा थांबला. "नाश्ता? नाश्ता मागे. जहाजाच्या अगदी मागच्या टोकाला उघड्यावर टेबलं असतात. आम्ही उजाडताना जायचो, कुणी नसायचं. कॉफी घ्यायची आणि बसायचं. जहाजामागे पाण्यावर पांढरा पट्टा उमटत जातो, पार दिसेनासा होईपर्यंत. तोच बघत बसायचो." त्यांनी रिमोट खाली केला. "तिथे फोटो काढायचं सुचलंच नाही बघा."

त्यांनी टीव्ही बंद केला. "चला, जेवून घेऊ."

अरुणा रीतीप्रमाणे मदतीला आत गेली. मालिनीबाई कढईतल्या पुऱ्या उलटत होत्या. बाजूच्या थाळीत कागदी रुमालांचे पंखे करून ठेवले होते, जहाजावर शिकल्या असाव्यात. अरुणाने एक उचलला, उलगडला आणि सपाट करून परत ठेवला.

"राग नाही ना आला, मालिनीताई? मी आपली गंमत केली."

"छे हो. तुम्ही बोलता छान." त्यांनी पुरी निथळून काढली. "अरुणाताई, तुम्हाला खरंच आवडत नाही का असं काही? जहाज वगैरे?"

"मला गर्दी आवडत नाही. आणि पैसे देऊन कळपात चरायला जाणं तर मुळीच नाही."

मालिनीबाईंनी मान हलवली. कुणाकडून तरी आधीच ऐकलेली गोष्ट पुन्हा ऐकावी तशी. पुढे काही बोलतील असं वाटलं, पण त्यांनी पुऱ्यांची परात तिच्या हातात दिली.

जेवण बरं झालं. शेवटी राजेशने चौकातून आणलेली मक्खन मलाई सगळ्यांनी खाल्ली. थंडीच्या दिवसांतली ती फेसासारखी मिठाई चमच्यावर ठरेना. निघताना मधुसूदनराव लिफ्टपर्यंत आले. त्यांनी इंद्रजितचा हात हातात घेतला आणि जरा जास्त वेळ धरून ठेवला. "फोन करतो," ते म्हणाले. अरुणाला म्हणाले, "वहिनी, पुढच्या वेळी समुद्राचे फोटो नक्की."

फाटक मागे पडलं. दुपारचं मवाळ ऊन होतं. अरुणाने पट्टा लावला, शाल सारखी केली आणि सुरुवात केली.

"मिस्टर मधू! माणूस समुद्रावर जातो आणि पावांची शिरगणती करून येतो. आणि ती बाई, खिरीवर आमटी ओतते, तेही सांगायचं? आणि ते हत्ती-माकड! आपल्याकडे धोबी घडी तरी नीट घालतो."

इंद्रजितने ई-रिक्षांच्या गर्दीतून गाडी बाहेर काढली. तो "हं" म्हणाला नाही.

"समुद्र कुठे होता म्हटल्यावर काय तोंड झालं! शोधतोय, शोधतोय..."

"मी पाहिलं," इंद्रजित म्हणाला.

ती थांबली. गाडी शहीद पथावर चढली. अमौसीच्या विमानतळाकडे उतरणारं एक विमान डोक्यावरून खाली गेलं. एरवी तो काचेतून वाकून ते कुठलं हे पाहत असे, आज त्याने पाहिलं नाही.

"नोव्हेंबरमध्ये ते दोघं पुन्हा चाललेत," तो म्हणाला. "या वेळी मुंबईहून. लक्षद्वीप."

"जाऊ देत की. तिकडचे पाव राहिले असतील."

"मीही जातोय त्यांच्याबरोबर."

अरुणाला वाटलं आपण नीट ऐकलं नाही. "तू?"

"मी. बुकिंग झालंय."

"आणि हे मला आता सांगतोयस?"

"आज तिथे सांगणार होतो, सगळ्यांसमोर. मधुसूदनरावांनीच सुचवलं होतं, फोटो झाले की सांगू म्हणून. मग तू समुद्र विचारलास."

पुढचा ट्रक हळू झाला. इंद्रजितनेही गाडी हळू केली.

"म्हणजे त्या दोघांना ठाऊक होतं," अरुणा म्हणाली. "माझं कुणी विचारलं नाही?"

"मालिनीताईंनी विचारलं. दोनदा. मीच नको म्हटलं."

"का?"

त्याने पुढच्या ट्रककडे पाहत गिअर बदलला. तो शब्द शोधत नव्हता, हे तिला कळत होतं. शब्द त्याच्याजवळ केव्हापासूनच होते. ते मऊ करता येतात का एवढंच तो पाहत होता.

"तुझ्यासमोर मला एखादी गोष्ट आवडून घेता येत नाही, अरुणा."

तिच्याकडे उत्तरं होती. एकाहून एक चांगली. पैकी एक तर इतकं नेमकं होतं की बँकेत ते महिनाभर फिरलं असतं. तिने तोंड उघडलं. मग तिला एकदम जाणवलं की ते ऐकून "हं" म्हणणारं कुणी गाडीत नाही. कदाचित कधीच नव्हतं. तिने तोंड मिटलं.

आशियानाच्या वळणाआधी रस्त्याकडेला पेरूची हातगाडी उभी होती. इंद्रजितने गाडी बाजूला घेतली. "आलोच," म्हणून तो उतरला.

तिने काचेतून पाहिलं. त्याने पेरू दाबून, हुंगून निवडले. पेरूवाल्याने एक चिरून, मीठ-मसाला भुरभुरून त्याच्या हातात दिला. पिशवी मनगटाला अडकवून तो तिथेच, गाडीकडे पाठ करून, खायला लागला. पेरूवाला काहीतरी म्हणाला. इंद्रजितने मान मागे टाकून, तोंड भरलेलं असतानाच, मोठ्यांदा हसून त्याला उत्तर दिलं.

अरुणाला आठवलं, चाट असो, जिलबी असो, कणीस असो, तो नेहमी उतरूनच खात असे. गाडीत सांडतं, असं त्याने एकदा सांगितलं होतं, आणि तिने ते खरं मानलं होतं.

तिचा हात दाराच्या कडीवर गेला. उतरावं, शेजारी जाऊन उभं राहावं, एक फोड मागावी. एवढंच तर होतं. तेवढ्यात त्याने मान जराशी वळवून गाडीकडे पाहिलं आणि चावता चावता थांबला. हातातली फोड खाली आली.

अरुणाने कडीवरचा हात काढून घेतला. मान फिरवून ती दुसऱ्या बाजूच्या काचेतून बाहेर पाहू लागली. तिथे पाहण्यासारखं काही नव्हतं. एक बंद शटर होतं आणि उन्हात झोपलेलं कुत्रं होतं. ती त्यांच्याकडेच पाहत राहिली, त्याचा पेरू संपेपर्यंत.