लोकरीची टोपी

मित्रांनो, मी एक जुनी टपालपेटी आहे. ओतीव लोखंडातून माझा जन्म झाला, अंगावर लाल रंग चढला आणि इंग्लंडच्या एका समुद्रकाठच्या गावाच्या टोकाला, हॉथर्न लेनच्या कोपऱ्यावर मला उभं केलं. इथे दुकानं नाहीत, गंमतजंमत नाही. बुटक्या घरांच्या दोन रांगा, नीट कापलेली कुंपणं आणि निवृत्त माणसं. खारा वारा माझा रंग खातो, तरी मी ताठ उभी असते.

एके काळी दुपारपर्यंत माझं पोट भरायचं. पुढे पत्रं कमी झाली, पण ऑड्रीबाईंचं कधी चुकलं नाही. त्यांची धाकटी बहीण डिलिस दूर वेल्समध्ये राहते. तिला ऐकू येत नाही, त्यामुळे फोनचा उपयोग नाही. दर मंगळवारी ऑड्रीबाई काठी टेकत येतात, पाकीट टाकतात आणि मला थोपटून जातात.

गेल्या वसंतात त्यांनी मला लोकरीची टोपी विणली. वर दोन सीगल पक्षी, त्यांच्यामध्ये चिप्सचा पुडा आणि खाली निळ्या लाटांची झालर. लोक गाडी थांबवून माझे फोटो काढू लागले. खोटं कशाला सांगू, मी चांगलीच शेफारले. पण पावसाने झालर लोंबली आणि माझं तोंड झाकलं गेलं. बाई सवयीने झालर उचलून पाकीट टाकत, त्यांना काही खटकलं नाही. परक्यांना मात्र वाटलं, पेटी बंद आहे. गल्लीतल्यांना खरं ठाऊक होतं, पण बाईंचं मन कोण दुखावणार? ते मुकाट्याने टेकडीवरच्या पेटीकडे जाऊ लागले.

मग माझ्या छातीवर टपाल खात्याचा एक कागद चिकटला. वापर फार कमी आहे, पंधरा दिवस पत्रं मोजू आणि आकडा वाढला नाही तर पेटी काढू. टेकडी चढणं ऑड्रीबाईंच्या गुडघ्यांना जमणारं नव्हतं. त्या कागद वाचत असताना शेजारचे क्लाइव्ह, निवृत्त बसचालक, मागे येऊन उभे राहिले.

"ऑड्री, राग मानू नकोस. तू हिला टोपी नाही, मुसकं घातलंयस."

"मग इतके दिवस बोलला का नाहीस?"

"तू इतकी खुशीत होतीस ना."

बाईंनी घरून कात्री आणली आणि लाटा कापून टाकल्या. मला फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी क्लाइव्ह एक पाकीट घेऊन आले. पत्ता समोरच्याच घराचा, नॉर्मनचा. कुंपणाच्या उंचीवरून दोघांचा सहा वर्षं अबोला होता. तिसऱ्या दिवशी नॉर्मनचं उत्तर माझ्या पोटात पडलं. मग सगळी गल्लीच लिहू लागली. कुणी केकची कृती पाठवली, कुणी नुसतंच 'कसे आहात?' विचारलं. पंधरा दिवसांनी टपालवाल्याने तो कागद सोलून काढला.

मित्रांनो, माझं कौतुक जरूर करा, पण मला उपाशी ठेवू नका. आणि कुणाचं काही चुकत असेल, तर प्रेमाने वेळेवर सांगा. आज मंगळवार आहे. काठीचा आवाज जवळ येतोय.