पोटात साबणाचं पाणी

मित्रांनो, मी एक जुनी शाम्पूची बाटली आहे. जुनी झाल्याची मला लाज नाही. लाज वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची, आणि ती आज सांगून टाकते.

कारखान्यात माझ्या अंगावर सोनेरी अक्षरांत ‘रेशमी केसांसाठी’ असं छापलं, तेव्हा मी नुसती फुशारले होते. मला विकत घेतलं शिवणकाम करणाऱ्या एका बाईंनी, मुलाच्या लग्नासाठी. बाई म्हणजे काटकसरीचा कळस! टूथपेस्टची नळी आधी पेनाने लाटायच्या, मग कात्रीने उभी चिरून आणखी चार दिवस काढायच्या. “टाकायला काय, कुणीही टाकतं,” असं त्यांचं म्हणणं.

लग्नाच्या पाहुण्यांनी मला चार दिवसांत रिकामं केलं. मग बाईंनी झिजलेल्या साबणांचे तुकडे, अगदी कपड्यांच्या साबणाचेसुद्धा, गरम पाण्यात विरघळवले आणि माझ्यात भरले. हात धुवायला, मोजे धुवायला. संपलं की पुन्हा तेच. घरात हे सगळ्यांना माहीत होतं. कचऱ्यात जायची वेळ टळली म्हणून मलाही हायसं वाटलं.

नवी सून आली. पहिल्याच दिवशी मला हातात घेऊन नवऱ्याला म्हणाली, “आईंनी माझ्यासाठी किती भारी शाम्पू ठेवलाय, बघ ना!”

नवरा पेपरातून मान वर न काढता “हं” म्हणाला. तिथेच घात झाला.

ती माझ्याने केस धुऊ लागली. मला बोलता येत नाही हे खरं, पण बोलता आलं असतं तरी बोलले असते का? कोण जाणे. रिकामी झाल्यापासून पहिल्यांदाच कुणीतरी मला शाम्पू म्हटलं होतं. पोटात एक, अंगावर एक, आणि मी आपली फळीवर दिमाखात बसून!

तिचे केस राठ झाले, चिकट झाले, मग गळू लागले. गळलेले केस ती कागदात गुंडाळून लपवायची. सासूबाई वर टोमणे मारायच्या, “वेणीची पार शेपटी झाली. केसांची निगा कशी ती नाहीच!” तिने गुपचूप रक्त तपासून घेतलं. त्यात काही निघालं नाही, तेव्हा ती जास्तच घाबरली. नळ सोडून रडायची. फोनवर बहिणीला म्हणाली, “मला काहीतरी मोठं झालंय गं. यांना सांगू नकोस.” त्या दिवशी मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तीन महिन्यांनी एका सकाळी न्हाणीघराचं दार अर्धवट उघडं होतं. बाईंनी सुनेला मला डोक्यावर ओतताना पाहिलं आणि तशाच मागे फिरल्या. दुपारी त्यांनी मला स्वच्छ धुतलं, नवा शाम्पू आणून माझ्यात काठोकाठ भरला आणि जागेवर ठेवलं. झालं! कुणाला कळणार होतं?

पण त्यांचा पाय निघेना. त्यांनी मला उचललं आणि थेट स्वयंपाकघरात सुनेसमोर ठेवलं.

“यात शाम्पू नव्हता गं. साबणाचे तुकडे होते, कपड्यांचेसुद्धा. आणि वर मीच तुला बोलत होते.”

सुनेने विचारलं, “म्हणजे मला आजार नाही?”

“कसला आजार?”

ती हसत होती की रडत होती, कळेना. “आई, मी मरणार असं समजून चालले होते!”

बाईंची मान खाली गेली. “अगं, एकदा विचारायचंस तरी!”

“नव्या घरात काय काय विचारू, आई?”

बाई नुसत्या तिच्या केसांवरून हात फिरवत राहिल्या.

मित्रांनो, बाईंनी काटकसर सोडली नाही, आणि तुम्हीही सोडू नका. साबणाचा शेवटचा तुकडासुद्धा कामी येतो. फक्त कोणत्या बाटलीत काय आहे, ते घरात नव्याने आलेल्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगा. ते आपणहून विचारणार नाही. त्याला वाटेल, दोष आपल्यातच आहे.