पान चौदावरची खिचडी

दुष्काळाचं वर्ष म्हणून उन्हाळ्याच्या सुट्टीतही शाळेत खिचडी शिजवायची, असा हुकूम त्या साली निघाला. हुकूम निघायला वेळ लागत नाही, तांदूळ निघायला लागतो. पण कोणत्या शाळेत आज काय शिजलं, किती पोरं जेवली, हे घरबसल्या बघता यावं म्हणून एक सॉफ्टवेअर मात्र तांदळाच्या आधी येऊन पोचलं. गावाचं नाव टाका, तारीख टाका, की खिचडी हजर.

ते कसं वापरायचं याची पुस्तिका लिहायचं काम जेबाकडे आलं. अमरावतीच्या शिक्षण कार्यालयात ती कंत्राटी ऑपरेटर होती, अकरा-अकरा महिन्यांच्या ऑर्डरवर. अम्मीची औषधं त्याच पगारावर चालायची. तिला एक खोड होती, स्वतः पडताळून पाहिल्याशिवाय ती एक ओळ लिहीत नसे. असल्या खोडीचं सरकारी कामात भलं झालेलं कुणी पाहिलेलं नाही.

तिनं सहज काटसावंगी हे नाव टाकलं, चांदूर रेल्वेकडचं खेडं. पडद्यावर उमटलं: बुधवार, मटकीची खिचडी, लाभार्थी एकेचाळीस. खाली स्वयंपाकीणबाईचा नंबर होता. जेबानं फोन लावला.

"मावशी, आज खिचडी केली का?"

"कायची खिचडी, बाई?" गोदाबाई म्हणाली. "तीन हप्ते झाले, तांदूयच नाई आला. हेडमास्तर सुट्टीत गावाले गेले. पोरं रोज ताटल्या घिऊन येतात, चूल पायतात अन् वापस जातात."

जेबानं पुण्याच्या सॉफ्टवेअरवाल्याला विचारलं. तो म्हणाला, शाळेनं नोंद केली नाही तर त्या वाराचा ठरलेला पदार्थ आणि पटावरची सगळी पोरं आपोआप भरली जातात. रिकामी चौकट वरच्या साहेबांना आवडत नाही. 'आहार शिजला नाही' असं बटणच त्यात नव्हतं. जेबाचं डोकं फिरलं. तिनं पुस्तिकेत ठळक अक्षरांत लिहिलं: "येथे आहार दिसला म्हणजे तो शिजला असेलच असे नाही."

हेडक्लार्क खुशालरावांनी ती ओळ लाल पेनानं उडवली. माणूस वाईट नव्हता, फक्त निवृत्तीला पाच महिने उरले होते.

"जेबा, हे पुस्तिका हाये, तक्रारवही नाई. तुयी ऑर्डर जूनमधी संपते. कावून इस्तवात हात घालून राहिली?"

मग जेबानं आपल्या परीनं शक्कल लढवली. पान चौदावर नमुना म्हणून एका गावाच्या पडद्याचं चित्र लागणारच होतं, तिथं तिनं काटसावंगीच टाकलं. अकोल्यात अमरावती आणि अकोला या दोन्ही जिल्ह्यांचं प्रशिक्षण होतं, मोठे साहेब येणार होते. त्यांच्यासमोर पान चौदा उघडायचं आणि सांगायचं, साहेब, या बाईला फोन लावून बघा. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, पण तेव्हा तिला ते कळलं नाही.

तिनं गोदाबाईला फोन केला. "मावशी, थोडं थांबा. मी अकोल्यात मोठ्या साहेबांपुढं तुमच्या शाळेचा विषय काढते."

"बाया पोरायले घिऊन तुमच्या हाफिसात धरन्याले बसाले निंगाल्या होत्या," गोदाबाई म्हणाली. "तू म्हनतं तं थांबवतो त्यायले."

अकोल्याच्या सभागृहात पंखे गरम हवा ढवळत होते. पान चौदा आलं, जेबा माईकपाशी उभी राहिली. पहिल्या रांगेत साहेब, त्यांच्या मागे खुशालराव. तिला जूनची ऑर्डर आठवली, अम्मी आठवली. आणि तिनं चित्रात होतं तेच वाचलं. "बुधवार, मटकीची खिचडी, लाभार्थी एकेचाळीस." साहेबांनी मान डोलावली. ती खाली बसली तेव्हा तिला स्वतःची किळस आली.

आठ दिवसांनी गोदाबाई दोन बायांना घेऊन कार्यालयात आली. वाट पाहून थकल्या होत्या बिचाऱ्या. खुशालरावांनी कॉम्प्युटर लावलाच नाही, टेबलावरची पुस्तिका उघडून पुढं सरकवली.

"हे पाय बाई. छापील हाये. तुमच्याच शाळेत एकेचाळीस पोरं जेवली. अकोल्यात मोठ्या साहेबानं पायलं."

गोदाबाईला वाचता येत नव्हतं. तिनं त्या पानावरून बोट फिरवलं.

"कोनं लिवलं हे?"

खुशालराव फाईल शोधू लागले.

"मी, मावशी," जेबा म्हणाली.

फोनवरचा आवाज गोदाबाईनं ओळखला. तिनं जेबाकडे नीट पाहिलं, वरपासून खालपर्यंत. ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं पुस्तिका मिटली आणि जपून टेबलावर ठेवली.

"तू लिवलं का? मंग जेवली असतीन, माय," ती म्हणाली, आणि बायांना घेऊन एसटीकडे निघाली.