शिट्टी येतीय का?

लग्नाला सोळा वर्षं झाली, पण ‘चल, तुला माहेरी नेऊन आणतो’ असं आमचे मालक आपण होऊन कधी म्हणाले नव्हते. त्यामुळे त्या रविवारी सकाळी ते तसं म्हणाले तेव्हा मी आधी त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला.

“ताप न्हाई मला,” ते म्हणाले. “जीप रिकामी फिरवायचीये. एकट्याला कंटाळा येतो.”

म्हणजे माझ्यासाठी नाही, जीपसाठी. तरी मी पटकन साडी बदलली. निरगुडसरला आईकडे जाऊन मला पाच-सहा महिने झाले होते.

मालक डिंगोऱ्याहून ओतूरला वडाप करतात, म्हणजे जीपमधून माणसं नेतात-आणतात. सगळा भाग त्यांना भरत डायवर म्हणून ओळखतो. दिवाळीच्या आधी जीपचा मागचा डिफरन्सल गेला. इंजिनाची ताकद मागच्या दोन चाकांना वाटून देणारा तो लोखंडी गोळा; त्यातल्या गिअरचे दात झडले. गेणभाऊ मिस्त्रींनी नवीन जोडी बसवली, दातांना निळा रंग लावून दातावर दात नीट बसतोय का ते पुन्हा पुन्हा पाहिलं, नवं ऑइल भरलं आणि बजावलं, की पहिले पाचशे किलोमीटर गाडी रिकामी चालवायची. पळवायची नाही, घाट चढवायचा नाही, मध्ये मध्ये थांबून गोळा गार होऊ द्यायचा. आणि कान उघडे ठेवायचे. ॲक्सिलेटर दाबल्यावर मागून बारीक शिट्टी आली, तर दात चुकीचे घासतायत असं समजून गाडी तिथंच उभी करायची.

सोमवारी दिवाळीची सुट्टी संपून शाळा सुरू होणार होती. ओतूरच्या हायस्कूलला जाणाऱ्या गावातल्या सगळ्या पोरी मालकांच्या जीपमधून जातात. आमची स्नेहलही त्यातच. तोवर पाचशे किलोमीटर पुरे करायचे म्हणून मालक चार दिवस उगाचच रस्ते तुडवत होते.

रिकामी जीप चालवणं ही आमच्याकडे शरमेची गोष्ट आहे. जीप म्हटली की माणसं आत, माणसं मागे, दोन पायऱ्यांवर लटकलेली. ओतूरच्या फाट्यावर आमच्या आळीतली साळुबाई पाटी घेऊन उभी होती. तिनं हात केला. मालक बघून न बघितल्यासारखं करून पुढे गेले. “अगं आशे, जागा हाय की!” असं तिनं ओरडलेलं मला स्पष्ट ऐकू आलं. मी पदर तोंडाला लावला.

“थांबवायची की! एका म्हातारीनं काय दात झडत्यात व्हय?”

“गेणभाऊनं रिकामी म्हनलंय.”

“आन मी? माजं वजन न्हाई का?”

“तू येगळी,” ते म्हणाले आणि लगेच विचारलं, “शिट्टी येतीय का?”

“न्हाई.”

आळेफाट्याला पोचेपर्यंत हे दहा वेळा झालं. मध्येच झाडाखाली थांबायचं, त्यांनी खाली वाकून गोळ्याला हात लावायचा, हात पोळत नाही ना बघायचं, मग बिडी. बैलगाडीसुद्धा आमच्या पुढे जाईल अशी चाल. आईला वाण्याच्या एसटीडीवर फोन करून ‘जेवायला येतो’ म्हणून सांगितलेलं, आणि इकडे आम्ही रस्त्याची खडी मोजत चाललेलो. मला बसवेना. आणि दर पाच मिनिटाला तेच, शिट्टी येतीय का, शिट्टी येतीय का. एकदाची येऊ दे आणि फुटू दे तो गोळा, असं मला झालं.

नारायणगाव मागे पडल्यावर त्यांनी परत विचारलं, तेव्हा माझं डोकं फिरलं. म्हटलं, जिरवावीच यांची.

“येतीय,” मी म्हणाले. “चांगली मोठी येतीय.”

मालकांनी पाय उचलला, परत दाबला, मान तिरकी केली. मी हसू दाबून खिडकीबाहेर बघत होते.

“हां,” ते म्हणाले. “मला बी आली.”

गाडी कडेला घेऊन ते पोतं अंथरून जीपखाली शिरले. त्यांचे पाय तेवढे बाहेर दिसत होते. मी हसत होते, आणि हसता हसता थांबले. शिट्टी आलीच नव्हती. मग यांना काय आलं?

पुन्हा निघाल्यावर मी खिडकीकडे तोंड करून बारीक आवाजात म्हणाले, “आज जेवण करून ऱ्हायचं का आईकडं?” उत्तर नाही. पुन्हा म्हणाले. उत्तर नाही. मग गेल्या वर्षभरातली सगळी भांडणं माझ्यासमोर उभी राहिली. मागच्या दारातून हाका मारल्या तरी ओ देत नाहीत, पोरीचं बोलणं मनावर घेत नाहीत, एका लग्नात माझ्या मावशीनं रामराम केला तर पाठ फिरवली. मी त्यांना मिजासखोर म्हणाले होते. आठ-आठ दिवस अबोला धरला होता.

मला वाईट वाटायला हवं होतं. पण मला राग आला. स्वतःच्या बायकोला सांगता येत नाही?

तेवढ्यात मागून ‘पीं पीं’ सुरू झालं. किटल्या लावलेला एक दूधवाला मोटारसायकलवरून पुढे जायला बघत होता. मालकांना आरशात बघायचं सुचलं नाही. पुढचा खड्डा चुकवायला त्यांनी जीप सरळ उजवीकडे घातली. “अहो!” मी ओरडून त्यांचा दंड धरला. मोटारसायकल रस्त्याखाली उतरली, गवतात डगमगली, किटलीतलं दूध उडालं. दूधवाला कसाबसा सावरला आणि आमच्या खिडकीशी येऊन बोंबलला, “बहिरा हाईस का रं?”

हे मात्र मालकांना ऐकू गेलं.  दूधवाला शिव्या घालत निघून गेला तरी त्यांचे हात स्टिअरिंगवर तसेच होते.

“शिट्टी आली नव्हती,” मी त्यांच्या तोंडासमोर तोंड नेऊन म्हणाले. “मी खोटं बोलले व्हते.”

त्यांनी इंजिन बंद केलं.

“कधीपासनं ऐकू येत न्हाई?” मी विचारलं.

“उन्हाळ्याच्या आधीपासनं,” ते म्हणाले. “जाड आवाज येत्यात. इंजिन येतं, ट्रक येतो. बारीक जातं. तुजं बी निम्मं बोलणं जातं.”

“कोन्तं निम्मं?”

“ते कळलं असतं तर गेलं कसं म्हनलो असतो?”

एरवी मी हसले असते. “म्हणून मला आणलं व्हय? कान म्हणून?”

त्यांनी मान डोलावली. “उद्या पोरी भरायच्यात. गोळ्याचं कळायला नको?”

“गोळ्याला काय झालंय? गोळा गप हाय! उद्या असाच एखादा मागनं आला आन तुमी अशीच गाडी घातली तर? आत आपली स्नेहल आसंल. लोकांच्या पोरी आसतील.”

“आरशात बघत जाईन.”

“आत्ता बघितलं?”

 ते रस्त्याकडे बघत म्हणाले, “आशे, मला शेतातलं धड येत न्हाई. मी डायवर हाय. एकदा स्टँडावर कळलं की परत माझ्या गाडीत कुत्रं बसायचं न्हाई. तू बोलू नको कुनाला.”

मी हो म्हणाले नाही. नाहीही म्हणाले नाही. आम्ही निघालो. मंचर गेलं, निरगुडसरचा रस्ता लागला, दोन्ही बाजूला ऊस, आणि जीप आपली हळूहळू, एकदम गुमान. इतकी छान चालत होती की मला रडू यायला लागलं. यांनी नाही सांगितलं तर मला सांगावं लागणार, उद्या सकाळी, पोरींच्या आयांसमोर. सोळा वर्षं संसार केलेल्या नवऱ्याला मी स्टँडवर उघडा पाडणार. 

घराच्या अंगणात माझा भाऊ अमृत वाटच बघत होता. तो साखर कारखान्याला ट्रॅक्टर चालवायचा. हंगाम सुरू व्हायला अजून अवकाश होता. आई ओट्यावर, शेजारची दोन माणसं बाजेवर. अमृतनं जीपच्या मागे जाऊन गोळ्यावर हात ठेवला.

“गार हाय की दाजी! आवाज बिवाज?”

मालकांनी माझ्याकडे बघितलं. मी तोंड उघडणार होते. शप्पथ, शब्द ओठावर होता.

“आवाज न्हाई,” मालक म्हणाले. “उद्या पोरी भरायच्या. पण गाडी तू चालवायची. मला ऐकू येत न्हाई!”

आपण किती मोठ्यानं बोलतोय हे त्यांना कळलंच नाही. बाजेवरची माणसं उठून बसली. पलीकडच्या घरातल्या बाया दारात आल्या. आईच्या हातातला तांब्या तसाच राहिला.

मी त्यांच्या कानाशी गेले. “हळू बोला की. सगळ्या आळीला ऐकू गेलं.”

“जाऊ दे,” ते म्हणाले, तेवढ्याच मोठ्यानं.